ओढणीच्या जरीची माशी

मी एक जुनी माशी आहे. थांबा, थांबा, हाकलू नका! आंब्यावर बसणारी, कानाशी भुणभुणणारी माशी नाही मी. मी पिसांची माशी. कोंबड्याचं पांढरं पीस, थोडा दोरा आणि एक बारीकसा गळ, एवढीच मी. माशांना वाटतं छोटी कोलंबी चाललीय, म्हणून ते मला खायला येतात आणि अडकतात. आणि जुनी म्हणजे किती जुनी? आठ महिन्यांची. हसू नका ना मित्रांनो! आमच्यात आठ महिने म्हणजे खूप झाले. डबीत आम्ही सहा जणी होतो. दोघी खैरानच्या खाडीतल्या खडकात अडकून बसल्या त्या बसल्याच, एकीला मोठा मासा घेऊन गेला, एकीची सगळी पिसं झडली. उरलो आम्ही दोघी. आणि त्या दोघींत जास्त गंमत कुणाची झाली, तर माझी. ऐका तर खरं.

माझा जन्म कुवेतमधल्या मंगाफमध्ये झाला, एका फ्लॅटमधल्या जेवणाच्या टेबलावर. तो फ्लॅट चारुशीला आंटीचा. आंटी मूळची नाशिकची, रिफायनरीत इंजिनिअर. तिच्या पहिल्या साहेबांनी तिला माशीने मासे धरायला शिकवलं, आणि आता ती दर शुक्रवारी पाच-सहा मुलांना शिकवते. फुकट! म्हणजे अगदीच फुकट नाही, ज्याच्या घरी जे चांगलं होतं ते डब्यातून न्यायचं.

तर त्या टेबलावर एक छोटा शिकंजा लावलेला, शिकंज्यात गळ, आणि गळासमोर जीभ बाहेर काढून बसलेली अदिबा. अदिबा दहा वर्षांची. घर रत्नागिरीचं, जन्म कुवेतचा, आणि घाई तर अशी की विचारूच नका. गळावर दोरा गुंडाळताना तीन वेळा तोडला.

"अगं, तुझी बस सुटतेय का कुठे?" आंटी म्हणाली. "हळू गुंडाळ."

"आंटी, आय अ‍ॅम हळू ओन्ली!"

पीस तिच्या अब्बांनी आणलेलं. अब्बा म्हणजे साबीर. ते सुलैबियात भाजीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर आहेत, आणि शेजारीच एक जण कोंबड्या विकतो. आता पीस झालं, दोरा झाला, पण चमक हवी ना! पाण्यात चमकल्याशिवाय मासा बघणार कसा? आंटीकडे चमकी होती, प्लास्टिकची. अदिबाला ती आवडली नाही. तिने खिशातून एक पुडी काढली, त्यात सोनेरी जर. दोन तारा माझ्या शेपटीत बांधल्या. काय दिसत होते मी, काय सांगू तुम्हाला!

ती जर कुठली, ते संध्याकाळी घरी कळलं.

"अदिबा!" अम्मी, म्हणजे फरहत, कपाटासमोर उभी होती. "माझ्या निकाहातल्या ओढणीचा काठ कुणी कुरतडला गो? उंदराने?"

"अम्मी, फक्त एक छोटा पीस. फॉर सायन्स."

"सायन्स तुझ्या पाठीत घालते, थांब!"

पण मग अम्मीने मला हातात घेऊन दिव्याखाली फिरवलं. बराच वेळ फिरवलं. "चमकते मात्र छान," ती म्हणाली, आणि मार राहून गेला.

आता माझं काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल. साध्या गळाला शिसं लावतात, म्हणून तो फेकला की लांब जातो. मला वजनच नाही. फुंकर मारली तर उडून जाईन. म्हणून आमची दोरीच जाड आणि वजनदार असते. काठीने दोरी मागे उडवायची, मग थांबायचं, मागे ती हवेत पूर्ण सरळ झाली की पुढे उडवायची. त्या थांबण्यातच सगळी कला आहे. थांबला नाहीत तर दोरी चाबकासारखी फट्ट करते आणि मी तुटून कुठल्या कुठे.

थांबायचं किती? आंटीची युक्ती होती. प्रत्येकाने एक शब्द निवडायचा आणि दोरी मागे गेली की तो सावकाश म्हणायचा. जुईली, आंटीच्या खालच्या मजल्यावरची, पुण्याची मुलगी, ती म्हणायची, "सा-बु-दा-णा." तिची दोरी मस्त सरळ जायची. अदिबाने निवडलं, "बि-र्या-नी." आणि दोरी फट्ट! पुन्हा बिर्यानी, पुन्हा फट्ट!

"तुझी बिर्यानी कच्ची राहतेय," जुईली म्हणाली.

मग आंटीने डोकं खाजवलं आणि म्हणाली, "तुझा शब्द आखूड पडतोय. 'बिर्यानी दे' म्हणून बघ." आणि काय आश्चर्य! बि-र्या-नी-दे, आणि दोरी सरळ, आणि मी पाण्यावर अशी उतरले की मलाच कळलं नाही कधी टेकले ते.

तरीपण मासा काही लागला नाही. एप्रिल गेला, मे गेला. जुईलीला दोन लागले, आमच्या अदिबाला शून्य.

मग उन्हाळा आला. मित्रांनो, कुवेतचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे का? त्या उन्हात कुणी मासे धरत नाही. अदिबा सुट्टीला गावी गेली, आणि मी? मी गाडीत राहिले! गाडीच्या आरशाजवळच्या फडक्यात टोचून ठेवलेली, विसरलेली, न धुतलेली, अंगावर समुद्राचं मीठ तसंच. अब्बा रोज कामावर जायचे, गाडी दिवसभर उन्हात उभी. माझा डिंक पातळ झाला, पीस पिवळं पडलं, गळावर गंज चढला. अब्बांनी तीन महिने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. रडू आलं असतं, पण पाणी कुठून आणणार?

ऑक्टोबरमध्ये अदिबाने मला पाहिलं आणि किंचाळलीच. अम्मीच्या नखं घासायच्या कानशीने गंज काढला, जुन्या टूथब्रशने पिसं विंचरली, सॉरी म्हणाली. चक्क मला सॉरी म्हणाली! मी लगेच माफ केलं. माझा रुसवा फार टिकत नाही.

आणि नोव्हेंबरमध्ये आले नाना.

नाना म्हणजे उस्मान नाना, अम्मीचे वडील, महिन्याभरासाठी आलेले. रत्नागिरीच्या खाडीत साठ वर्षं गरी टाकलेला माणूस. गरी म्हणजे तोच आपला गळ, पण त्याला आमिष लावतात, कोलंबी नाहीतर माकूल, म्हणजे स्क्विड. अदिबाने मला त्यांच्या तळहातावर ठेवलं. नानांनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे काय गो बाय?"

"माशी आहे, नाना. फिश येतो हिला."

"आणि चारा?"

"चारा नाही. नो बेट. हीच चारा."

नाना इतके हसले की खोकला लागला. "कोंबडीचा पीस खायाला मासा काय येडा हाय?"

अब्बासुद्धा हसले, पण त्यांच्या हसण्यात मला काहीतरी वेगळं वाटलं. आणि तसंच होतं. अदिबाला अरबीत पंचवीसपैकी नऊ मिळाले होते. अरबीचे उस्ताद शुक्रवारी दुपारी मोकळे होते. अब्बांना सुट्टी एकच, शुक्रवार, आणि खैरान जायला-यायला अडीच तास.

"बघ अदिबा," अब्बा म्हणाले, "मार्चपासून चाललंय. एक मासा नाही. येत्या जुम्म्याला शेवटचं जायचं. मासा लागला तर चालू ठेव. नाही लागला तर पुढच्या जुम्म्यापासून उस्ताद. डील?"

अदिबाचा चेहरा एवढासा झाला. "डील," ती म्हणाली. आणि रात्री मला डबीतून काढून म्हणाली, "प्लीज." नुसतं प्लीज. आता सांगा, एवढी जबाबदारी एका पिसाच्या माशीवर!

तो शुक्रवार आला. नमाज झाली, जेवणं झाली, खैरानच्या खाडीवर पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. पाच वाजायच्या आत सूर्य बुडतो त्या दिवसांत. वाळूवर आंटी आणि जुईली आधीच आलेल्या. नानांनी घडीची खुर्ची मांडली, माकुलाचा तुकडा लावून आपली साधी गरी टाकली, आणि दहा मिनिटांत एक मासा बादलीत! मग दुसरा! अब्बा गाडीला टेकून थर्मासमधला चहा पीत होते. आणि आम्ही? बिर्यानी दे, बिर्यानी दे, बिर्यानी दे. तासभर. काही नाही.

आंटी अदिबाजवळ यायची, "हात छान चाललाय, दोरी टुक टुक ओढ, कोलंबी उड्या मारते तशी," म्हणायची आणि परत जुईलीकडे जायची. अदिबा मान हलवायची. तिच्या नाकाचं टोक लाल झालं होतं.

मग ती बुटातली वाळू काढायला खाली बसली. काठी शेजारी ठेवलेली. आणि एक हात आला, म्हातारा, मीठ आणि तंबाखूचा वास असलेला. नानांचा! त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि माझ्या गळाला एक सोललेली कोलंबी टोचली.

अहो नाना! मी माशी आहे! माशीला कोणी कोलंबी लावतं का? पण मला तोंड कुठे आहे ओरडायला?

अदिबा उठली, न बघता दोरी मागे उडवली, बि-र्या-नी-दे, आणि कोलंबी सुटली, उडाली, आणि टप्पकन पडली ती थेट अब्बांच्या चहात.

अब्बांनी कपात पाहिलं. मग आभाळात पाहिलं. "मामू," ते सासऱ्यांना म्हणाले, "कोलंबी पडली वरून!"

"बगळ्याने टाकली असंल," नाना म्हणाले आणि गंभीरपणे समुद्राकडे बघायला लागले.

पण साठ वर्षं गरी टाकणारा माणूस एवढ्यावर थांबतो काय! कोलंबी मऊ, ती उडते. माकूल चिवट, ते चिकटून राहतं. अदिबा पाणी प्यायला वळली तेवढ्यात नानांनी नखाएवढा चौकोनी तुकडा माझ्या गळात असा बसवला की हलेना. जरीवर माकूल! माझी सगळी शोभा गेली.

दोरी उडाली. मी जड होऊन धप्पकन पाण्यात पडले. आणि टुक टुक एवढंच झालं असेल, की कुणीतरी मला गच्च धरलं.

"आंटी! आंटी! आला! इट्स ऑन, इट्स ऑन!"

काठी कमानीसारखी वाकली. आंटी पळत आली, जुईली पळत आली, अब्बांनी चहा सांडला. "काठी वर, वर धर! ओढू नकोस, त्याला पळू दे!" आणि पाच मिनिटांनी तो उथळ पाण्यात आला. वीतभर, चांदीसारखा, पिवळ्या परांचा. इथे त्याला शेम म्हणतात. अब्बांनी फोटो काढला, फरहतला पाठवला. "डील म्हणजे डील! दर जुम्म्याला खैरान!" जुईलीने टाळ्या पिटल्या, "काय माशी आहे यार तुझी!" आणि आंटीनेही मान डोलावली.

मासा धरल्याचं माझं पहिलं कौतुक, मित्रांनो. आणि मला ते नको होतं. कारण तो मासा माझ्यासाठी आलाच नव्हता.

अदिबा गुडघ्यावर बसून माशाच्या तोंडातून मला काढत होती. आमच्या गळाचा उलटा काटा आधीच दाबून टाकलेला असतो, त्यामुळे मी पटकन निघते, माशाला इजा होत नाही. मी निघाले. आणि माझ्याबरोबर तो पांढरा चौकोनी तुकडा.

अदिबाने बघितलं. दुसऱ्या कुणीच बघितलं नाही, सगळे फोटो बघत होते. तिने मान वर केली. नानांनी हळूच एक डोळा मिटला.

तिने नुसती मूठ झाकली असती तरी झालं असतं. तुकडा पाण्यात गेला असता, शुक्रवार वाचले असते. मी तिच्या बोटांतच होते. तिने आधी मासा सोडला. तो एक क्षण तिच्या हातात थांबला आणि सर्रकन गेला. मग ती उभी राहिली.

"अब्बा," ती म्हणाली, "हा काउंट नाही होत. माशीला माकूल होतं."



"तू लावलंस?" अब्बांनी विचारलं.

अदिबाने नानांकडे बघितलं नाही. खाली वाळूकडे बघत राहिली. मग खुर्ची करकरली.

"मी लावलं," नाना म्हणाले. "पोरीचं तोंड बघवेना मला. माझी नात, आणि मासा नाय लागत? मला वाटलं चारा विसरते ती. चाऱ्याशिवाय गरी, हे काय खूळ..."

अब्बा जावई, सासऱ्याला काय बोलणार! त्यांनी कसंबसं हसू दाबलं. "मामू, मग चहातली कोलंबीपण तुमचीच ना?"

"कोलंबी बगळ्याची," नाना म्हणाले. "माकूल माझं."

आंटीला हसू आवरेना, ती पाठ फिरवून उभी राहिली. पण अदिबा हसत नव्हती. तिने मला खसाखसा धुतलं, दोरी उडवली, आणि बिर्यानी म्हणायचंच विसरली. फट्ट! पुन्हा फट्ट! दोरीचा गुंता तिच्या मानेभोवती. सूर्य पाण्यापासून चार बोटांवर. तिने काठी वाळूवर ठेवली. "जाऊ दे. डील इज डील. आय विल गो टू उस्ताद."

 अब्बांनी वाकून काठी उचलली. "एवढं काय असतं या काठीत बघू. आलोच आहोत तर."

आणि मग जे काय झालं! पहिल्यांदा मी अब्बांच्या पँटमध्ये. दुसऱ्यांदा नानांच्या टोपीत, टोपीसकट हवेत! तिसऱ्यांदा अब्बा स्वतःच दोरीत गुंडाळलेले. जुईली वाळूत लोळून हसत होती. आणि अदिबाला राहवेना. डोळे पुसत ती उठली.

"अब्बा, तू थांबतच नाहीस! मागे दोरी सरळ होऊ दे. मनगट नको मोडू. एक शब्द म्हण."

"कुठला शब्द?"

"कुठला पण. लाँगवाला."

कोल्ड स्टोरेजचा माणूस, दुसरा काय शब्द सुचणार! "कां-दा-ब-टा-टा," अब्बा म्हणाले.

"हळू! घाई काय आहे तुला?" अदिबा म्हणाली. आणि आंटी तिथे उभी होती, तिने अदिबाकडे असं बघितलं की काय सांगू.

कां-दा-ब-टा-टा. दोरी मागे गेली, सरळ झाली, पुढे आली, आणि मी अशी उतरले की पाणीसुद्धा हललं नाही. नुसती मी. पिवळं पीस आणि जरीच्या दोन तारा, बाकी काही नाही.

"आता टुक टुक ओढ," अदिबा कुजबुजली. "टुक. थांब. टुक टुक."

पाण्यात माझ्यामागे एक सावली आली. वळली. गेली. परत आली. ये ना, ये ना, मी खरीच आहे! आणि खटाक!

"या अल्ला!" अब्बा ओरडले. बुटांसकट गुडघाभर पाण्यात गेले. "काय करू? अदिबा, काय करू?"

"काठी वर! पळू दे त्याला! ओढू नको! अब्बा, ओढू नको म्हणते ना!"

"ओढत नाही गो, तोच ओढतोय मला!"

हासुद्धा शेमच होता, पहिल्यापेक्षा मोठा. नाना खुर्ची सोडून धावत आले, चष्मा लावला, माशाचं तोंड उघडून आत बघितलं. बोट घालून बघितलं. माकूल नाही, कोलंबी नाही. फक्त मी.

"कोंबडीचा पीस," नाना हळूच म्हणाले. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "येडा नाय मासा. ही हुशार हाय."

हे कौतुक मात्र मी घेतलं! अगदी पोटभर घेतलं!

"आता सोड," अदिबा म्हणाली.

"सोडू? एवढा? तुझी अम्मी याचं कालवण..."

"अब्बा."

अब्बांनी सोडला. सोडताना तोंड असं केलं जणू स्वतःचा दात काढून देतायत. मासा गेला, पाणी शांत झालं. अब्बा तसेच ओल्या बुटांनी उभे, चेहऱ्यावर अदिबाच्या वयाचं हसू.

"पण अब्बा," अदिबा म्हणाली, तिला तर सांगितल्याशिवाय राहवतच नाही, "हा तुला लागला. मला नाही. म्हणजे माझा अजून झीरो."

अब्बांनी तिच्याकडे पाहिलं, मग काठीकडे पाहिलं.

"मग मला दर जुम्म्याला शिकवणार कोण? तुझे नाना? माकूल लावून?" ते म्हणाले. "उस्तादांना गुरुवार संध्याकाळ विचारतो. आणि अरबीत पंचवीसपैकी अठरा पाहिजेत. डील?"

"फिफ्टीन."

"सतरा."

"डील!" अदिबा ओरडली आणि पाण्यातच त्यांच्या गळ्यात पडली, दोघंही धपकन बसले, आणि मी त्या गडबडीत अब्बांच्या शर्टाच्या बाहीत घुसले ती घरी येईपर्यंत कुणाला सापडलेच नाही.

तर मित्रांनो, ही मी. पीस पिवळं, एक जर तुटलेली, नाकावर थोडा गंज. तुमच्याकडेही माझ्यासारखं काहीतरी असेल, कुणीतरी आपल्या हाताने केलेलं. समुद्रावरून आलात की त्याला गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, गाडीत विसरू नका. मी चमकते तेवढी पुरते, मला उसनं काही लावू नका. आणि कुणी नवीन शिकत असेल ना, लहान असो की ओल्या बुटांचे अब्बा, त्याची दोरी मागे सरळ होईपर्यंत जरा थांबा. आमच्या अदिबाचा अजून शून्य आहे. पण परवा शुक्रवार आहे, आणि अब्बांनी माझी डबी आत्तापासूनच दाराशी आणून ठेवलीय.